बाजारपेठेतलं पार्किंग: आधी वही, मग रंग, मग पावती

तुमच्या गावच्या बाजारपेठेत पार्किंगची बोंब असेल, तर जागा शोधायला निघू नका. नगरपरिषदेने अमुक मैदान घ्यावं, तमुक माडाची बाग तोडून खडी टाकावी, असले अर्जही इतक्यात करू नका. आधी एक वही घ्या, बॉलपेन घ्या आणि उन्हात फिरायला तयार असलेली दोन पोरं गाठा. पैशाचं काम त्यानंतरचं.

मी मालवणात राहतो आणि घरांचे, गाळ्यांचे नकाशे काढतो. कुडाळ, कणकवली, वेंगुर्ले, जिथून बोलावणं येईल तिथे टेप घेऊन जातो. त्यामुळे पार्किंग माझ्याकडे दोन वाटांनी येतं. रस्त्यावर ते मला तुमच्याइतकंच छळतं. आणि टेबलावर ते अडीच मीटर बाय पाच मीटरच्या चौकोनाच्या रूपात येतं. हा चौकोन नकाशात कुठेतरी बसवल्याशिवाय बांधकाम परवानगी हलत नाही. रस्त्यावरची गाडी आणि नकाशातला चौकोन ही एकाच दुखण्याची दोन टोकं आहेत, पण सभेत दोन्ही एकत्र कोणी बोलत नाही. व्यापारी संघाच्या माणसाला, नव्याने निवडून आलेल्या नगरसेवकाला किंवा नुसत्याच वैतागलेल्या रहिवाशाला काय करता येईल, ते क्रमाने सांगतो. क्रम मोडू नका. हाच क्रम उलटा लावला की काय होतं ते पुढे येईलच.

वही

दिवस निवडताना चतुर्थी टाळा. चाकरमानी आल्यावर बाजारात जे होतं त्यावरून वर्षभराचा नियम ठरवणं म्हणजे लग्नाच्या पंगतीवरून रोजच्या डाळीचं माप काढणं. तीन दिवस पुरतात: एक साधा वार, एक आठवडा बाजाराचा दिवस आणि मे महिन्यातला किंवा डिसेंबरअखेरचा एक रविवार. मालवणात किल्ल्याच्या होड्या पावसाळ्यात बंद असतात, तेव्हा इथे साधा वार जुलैत घेतला तर पर्यटक वजा करून गावाची स्वतःची गर्दी किती ते आपोआप कळतं. तुमच्याकडे ही सोय नसेल तर नंबरप्लेट मदतीला येते.

रस्त्याचे तुकडे पाडा, एका गल्लीच्या तोंडापासून दुसऱ्या गल्लीच्या तोंडापर्यंत एक. प्रत्येक तुकड्यात नीट लावल्या तर किती गाड्या मावतात ते टेपने मोजा. रस्त्याला समांतर लागणाऱ्या चारचाकीला साडेपाच मीटर लांबी धरा, आडव्या लागणाऱ्या दुचाकीला पाऊण ते एक मीटर रुंदी. गल्लीचं तोंड, हायड्रंट, रिक्षा स्टँड, कोणाच्या घराचं फाटक हे सोडून. मग सकाळी आठ ते रात्री आठ, दर तासाला, त्याच दिशेने त्याच बाजूने चालत जायचं आणि उभ्या असलेल्या प्रत्येक गाडीचे शेवटचे चार आकडे लिहायचे. सोबत दुचाकी, चारचाकी की टेम्पो, आणि नंबर एमएच ०७ चा आहे की बाहेरचा. रत्नागिरीवाल्यांनी ०८ बघावा, रायगडवाल्यांनी ०६. पोरांना एवढंच सांगा की अंदाजाने भरू नका, चुकलं तर मोकळं सोडा.

संध्याकाळी वहीतून दोन गोष्टी काढायच्या. पहिली, दर तासाला किती जागा भरलेल्या होत्या. दुसरी, एक गाडी किती तास जागेवर बसली. बहुतेक लोक पहिलीवरच थांबतात आणि "फुल्ल आहे हो" म्हणून मोकळे होतात. खरं गुपित दुसरीत असतं.

समजा एका तुकड्यात वीस चारचाकींची जागा आहे. त्यातल्या बारा गाड्या सकाळी नऊला लागल्या आणि रात्री आठला हलल्या. अकरा तासांत बारा जागांचा उपयोग बारा माणसांना झाला. त्याच जागांवर तासाला एक गाडी बदलली असती, तर १३२ गिऱ्हाइकं येऊन गेली असती. जागा तेवढीच, रस्ता तोच.

आता त्या बारा गाड्या कोणाच्या? गाव लहान आहे, चार आकडे वाचले की अर्ध्या बाजाराला माणूस ओळखता येतो. दुकानदाराची स्वतःची, त्याच्या मुलाची, बँकेतल्या साहेबांची, समोरच्या डॉक्टरांची. म्हणून एक पथ्य पाळा. सभेत नंबर वाचायचे नाहीत, नावं तर नाहीच नाही. फक्त प्रकार सांगायचा: दिवसभर बसणाऱ्या इतक्या, तासाभरात गेलेल्या इतक्या, बाहेरगावच्या इतक्या. एकदा का नाव उच्चारलं की "रस्तो काय तुमच्या बापाशीचो?" सुरू होतं आणि पुढचं सगळं मोजमाप वाया जातं.

दुकानापुढचा डबा

रंगाचा वीस लिटरचा रिकामा डबा. त्यात सिमेंट ओतलेलं, मधोमध सळई, सळईला पत्र्याचा तुकडा आणि त्यावर लाल अक्षरांत "ग्राहकांसाठी राखीव". सकाळी फळ्या उघडतानाच तो रस्त्यावर येतो आणि मालक आला की बाजूला सरतो, कारण ती जागा मालकाच्या गाडीसाठी असते. ग्राहक बिचारा पुढच्या वळणावर डबल पार्किंग करून, ब्लिंकर लावून, धावत धावत पावशेर सुपारी घेऊन जातो.

हा डबा हटवणं हे पहिलं काम, आणि ते नगरपरिषदेच्या ट्रॉलीने करू नये. व्यापारी संघाने स्वतः करावं. सभेत वहीतले आकडे ठेवा आणि फक्त दुकानदार व कर्मचाऱ्यांच्या गाड्यांपुरती मागणी करा: दहा मिनिटं चालत जाता येईल अशा ठिकाणी, देवळाच्या मागच्या मोकळ्या जागेत, शाळेच्या मैदानाच्या कडेला, कोणाच्या रिकाम्या आवारात मासिक भाड्याने, जिथे सोय असेल तिथे. "मगे गाडी लावची खंय?" हा प्रश्न येणारच. त्याचं उत्तर घेऊन जा, नुसता उपदेश नको. ऊन लागतं, पाऊस लागतो, डॉक्टरांना रात्री अपरात्री निघावं लागतं, या अडचणी खऱ्या आहेत. डॉक्टरांना सूट द्या. बाकीच्यांनी चालावं.

बऱ्याच बाजारपेठांत नुसत्या या एका कामाने अर्धी तक्रार मिटते. म्हणून मोठं मैदान घेण्याच्या गोष्टी मी शेवटी ठेवतो. विकास आराखड्यात "पार्किंग" म्हणून आरक्षण टाकणं सोपं आहे, कागदावर रंग भरला की झालं. पण जागा संपादन करायला पैसे नसतात. दहा वर्षं तशीच गेली की मालक महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ च्या कलम १२७ ची नोटीस देतो, आणि ठरलेल्या मुदतीत संपादनाची हालचाल झाली नाही तर आरक्षण उडतं. किनाऱ्यालगतची जागा बघितलीत तर सीआरझेड, म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकामाचे निर्बंध, आडवा येतो. आणि हे सगळं पार पडून मैदान झालंच, तर बाजारातल्या फुकट जागा मोकळ्या असेपर्यंत तिथे कोणी गाडी लावत नाही.

रंग

रंगाबद्दल थोडक्यात. जूनच्या आधी पट्टे मारू नका, पहिल्या पंधरवड्यात धुऊन जातात. दसऱ्यानंतर मारा, आणि परवडत असेल तर गरम करून ओतायचा थर्मोप्लास्टिक पट्टा घ्या. दुचाकीचे पट्टे आधी, चारचाकीचे नंतर. कोकणातल्या बाजारात बहुसंख्य गिऱ्हाईक दुचाकीवर किंवा पायी येतं, आणि एका चारचाकीच्या जागेत पाच-सहा दुचाकी सहज बसतात. दुचाकीचे पट्टे गल्लीच्या तोंडाशी ठेवा, तिथे चारचाकी उभी राहिली की वळणारा दिसत नाही. अग्निशमनची गाडी आत जाईल एवढा, निदान साडेतीन मीटरचा पट्टा मधे कायम मोकळा हवा. जुन्या बाजारपेठेत लाकडी माळे आहेत, हे विसरू नका.

सम-विषम तारखांचं पार्किंग अरुंद रस्त्याला बरं, कारण दोन्ही बाजूच्या दुकानदारांना त्रास सारखा वाटला जातो. फक्त एकतीस तारखेनंतर एक तारीख येते आणि दोन्ही विषम! त्या दिवशी एका बाजूचे दुकानदार हमखास भांडायला येतात, तयारी ठेवा.

माल उतरवायची वेळ ठरवून घ्या. घाटावरून भाजीची गाडी पहाटेच येते, तिचा प्रश्न नाही. प्रश्न बिस्किटं, थंड पेयं, सिमेंट आणणाऱ्या छोट्या हत्तीचा, म्हणजे लहान टेम्पोचा असतो. तो अकरा वाजता रस्त्याच्या मधोमध उभा राहतो, कारण कडेला जागा नसते. दर तुकड्यात एक जागा पिवळ्या रंगाने फक्त माल उतरवायला राखा, दुपारपर्यंत. दुपारनंतर ती सगळ्यांची.

आणि कागद. पट्टे मारले म्हणजे नियम झाला असं नाही. नगरपरिषदेचा ठराव, पोलिसांचा अभिप्राय आणि सक्षम अधिकाऱ्याची अधिसूचना निघाली तरच पोलिसांना दंड करता येतो. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ११७ मध्ये गाड्या उभ्या करायच्या जागा ठरवण्याची तरतूद आहे, अर्जात त्याचा उल्लेख करा. हे न करता रंगवलेले पट्टे म्हणजे रस्त्यावरची रांगोळीच.

पर्यटकाला बाहेरच थांबवा

बाहेरच्या नंबरच्या गाड्या वहीत वेगळ्या काढल्या होत्या ना, त्या इथे उपयोगी पडतात. पर्यटक जेट्टीवर येतो, होडीने किल्ल्यात जातो, परत येऊन जेवतो. त्याची गाडी तीन-चार तास हलत नाही. एवढा वेळ थांबणारी गाडी बाजारातून जेट्टीपर्यंत यायला हवीच असं काही नाही, पण फलक नसेल आणि मोबाईलवरचा नकाशा सरळ बाजारपेठेतून आणत असेल तर तो बिचारा काय करणार. गावाच्या वेशीवर गाडी थांबवायची जागा, तिथून रिक्षाचा ठरलेला दर मोठ्या अक्षरांत, आणि वाटेत पहिला फलक चौकाच्या आधी, चौकात नव्हे. रिक्षा संघटनेला पहिल्या बैठकीपासून सोबत घ्या, दर त्यांच्याशी बसून ठरवा. त्यांचा धंदा वाढणार आहे, ते विरोध करत नाहीत. विरोध हॉटेलवाले करतात: गाडी दाराशी नाही आली तर गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल.

त्यांना माथेरान दाखवा. रायगड जिल्ह्यातच आहे. गाड्या दस्तुरी नाक्याला थांबतात, पुढे पायी, घोड्यावर, आणि डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या ई-रिक्षानेही. तिथे हॉटेलं ओस पडलेली नाहीत, उलट लोक त्यासाठीच जातात. आपल्याला माथेरान व्हायचं नाही, पण गाडी दाराशी आली नाही की माणूस येत नाही ही भीती किती खरी आहे ते तिथे जाऊन बघता येतं.

पावती

आता पैसे. इथे गाडी अडते.

अमेरिकेत डोनाल्ड शूप नावाचे प्राध्यापक होते, लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात, २०२५ मध्ये वारले. पार्किंगच्या दराबद्दल त्यांचं म्हणणं साधं होतं: दर इतका ठेवा की रस्त्याच्या प्रत्येक तुकड्यात एखाद-दोन जागा कायम रिकाम्या दिसतील. साधारण पंधरा टक्के, म्हणजे सात जागांमागे एक. सगळ्याच भरलेल्या असतील तर दर कमी आहे, निम्म्या रिकाम्या असतील तर जास्त आहे. महसूल किती आला हा प्रश्नच नाही. रिकामी जागा दिसते का, एवढंच बघायचं. आपल्या वहीतला पहिला आकडा यासाठीच काढला होता.

आपल्याकडेही हे नवीन नाही. केंद्राच्या २००६ च्या राष्ट्रीय शहरी वाहतूक धोरणात पार्किंग शुल्क जागेच्या किमतीशी जुळणारं असावं असं लिहिलेलं आहे. आणि २०१८ मध्ये पुणे महापालिकेच्या सभेने पार्किंग धोरण मंजूरही केलं. विरोध उसळला, मग ते आधी पाच रस्त्यांपुरतं करायचं ठरलं, आणि तेही रेंगाळलं. पुणेकरांची थट्टा करायला मला आवडतं, पण यात त्यांचं फार चुकलं असं वाटत नाही. माणसाकडून पैसे आधी मागितले आणि त्याला त्या बदल्यात काय मिळणार ते दिसलं नाही, तर तो ओरडणारच.

कॅलिफोर्नियातल्या पॅसाडिना शहराच्या जुन्या बाजारात १९९३ मध्ये मीटर आले तेव्हा तिथले व्यापारीही तयार नव्हते. ते राजी झाले एका अटीवर: मीटरचा पैसा त्याच बाजारावर खर्च होईल. पदपथ, झाडं, दिवे, मागच्या गल्ल्यांची सफाई. पडका बाजार त्यातून उभा राहिला.

आपल्याकडे बहुधा काय होतं ते किनाऱ्यावर राहणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. ठेका निघतो. ठेकेदार एकरकमी बोली लावतो आणि मग रक्कम वसूल करायला पावतीपुस्तक घेऊन दोन पोरं रस्त्यावर उभी करतो. त्याला जागा रिकामी ठेवण्यात काडीचा रस नसतो. गाडी जितकी जास्त, दाटी जितकी जास्त, तितकी त्याची पावती जास्त. एका ठिकाणी मी स्वतः बघितलं: पावतीवर दर एक छापलेला, तोंडी दर दुसरा, आणि पावती मागितली तर "पुस्तक संपलंय." पैसा जिथे जायचा तिथे गेला, रस्त्याकडेचं गटार उघडं ते उघडंच.

म्हणून ठरावात या गोष्टी लिहून घ्या. ठेका द्यायचाच असेल तर वसुलीच्या टक्केवारीवर नाही आणि एकरकमी बोलीवरही नाही. माणसं पुरवायचं ठरलेलं मानधन द्या, पैसा थेट नगरपरिषदेच्या खात्यात, क्यूआर कोडने. खात्याला वेगळं लेखाशीर्ष, त्यातला ठरावीक हिस्सा त्याच पेठेत खर्च. आणि पहिला खर्च कशावर ते आधीच जाहीर करा. माझं मत विचाराल तर बाजारातलं बायकांचं स्वच्छतागृह. सकाळपासून मासे घेऊन बसणाऱ्या बायकांना विचारून बघा, पार्किंगच्या विषयावर त्या किती जोरात तुमच्या बाजूने बोलतात ते.

दराचा आराखडा असा धरा: दुचाकी पट्ट्यात असेल तर सुरुवातीला मोफत. चारचाकीला पहिली तीस मिनिटं मोफत, पुढे प्रत्येक तास आधीच्यापेक्षा महाग. बाजारातल्या रस्त्यावर दिवसाचा पास अजिबात नाही. दिवसाचा स्वस्त पास वेशीवरच्या जागेत. तीन महिन्यांनी पुन्हा वही, पुन्हा मोजणी, दर खाली-वर. दर खालीही आणायचा असतो हे सभेत मुद्दाम सांगा, लोकांचा विश्वास तिथे बसतो.

नकाशा

इथपर्यंत जे सांगितलं ते रस्त्याचं. आता माझ्या टेबलावरचं, आणि गावाचा चेहरा खरा बदलतो तो इथेच.

आपली जुनी बाजारपेठ डोळ्यांसमोर आणा. चिऱ्याच्या भिंती, नळ्यांची छपरं, घराला घर लागलेलं. पुढे पडवीत दुकान, फळ्या लावायच्या दाराचं, वर माळा, मागे माजघर, मग विहीर आणि मागीलदारचे दोन माड. दर्शनी रुंदी पाच-सहा मीटर, खोली मात्र भरपूर. पावसात पागोळ्यांच्या आतून अर्धी पेठ न भिजता चालता येते.

असं एक घर मोडकळीला येतं. वासे कुजले, भिंत सुटली. मालक माझ्याकडे येतो, म्हणतो, खाली दुकान, वर दोन खोल्या, एवढंच करून द्या. डिसेंबर २०२० पासून मुंबई आणि काही अपवाद सोडले तर राज्यभर एकच विकास नियंत्रण नियमावली लागू आहे, आणि तिच्यात पार्किंगचं कोष्टक आहे. दुकानाच्या क्षेत्रफळाला इतक्या गाड्या, सदनिकेला इतक्या. मोठ्या महापालिकेपेक्षा लहान नगरपरिषदेला आकडे कमी लागतात, लहान भूखंडाला आणि दाट वस्तीला काही सवलती आहेत, त्या सगळ्या आधी वाचून घ्या. बरेचदा त्यातच सुटका असते आणि मालकाला कोणी सांगितलेलं नसतं.

पण भूखंड सवलतीच्या थोडा वर गेला, की गणित बघा. दर्शनी पाच मीटर. मागे गाडी न्यायला तीन मीटरची वाट सोडली, तर दुकानाला उरतात दोन मीटर. दोन मीटरचं दुकान! गाडीची जागा साडेबारा चौरस मीटर, तिच्यापर्यंत जायची-वळायची वाट धरली तर त्याच्या दुप्पट. दहा बाय पंधरा फुटांचा साधा गाळा चौदा चौरस मीटरचा असतो. म्हणजे एक गाडी झोपवायला जवळजवळ दोन गाळे, आणि तो गाळा चार माणसांचं घर चालवतो.

मग मालक दोनपैकी एक करतो. काहीच करत नाही, घर तसंच पडू देतो. नाहीतर शेजारच्या दोघांना घेऊन बिल्डरकडे जातो. तीन घरं मिळून एक भूखंड होतो, पार्किंग बसतं. रस्त्याच्या बाजूला तीन दुकानांच्या जागी एक लोखंडी फाटक, खाली खांबांवरचं स्टिल्ट, म्हणजे गाड्यांसाठी मोकळा तळमजला, वर सदनिका. पडवी गेली, पागोळी गेली, चालणाऱ्याला भिंत उरली. असे एका ओळीत चार झाले की त्या तुकड्यात बाजार राहत नाही, आणि दुकानं हायवेला निघून जातात, जिथे गाडीशिवाय जाताच येत नाही.

आणि ज्यासाठी हे केलं ते पार्किंग? भोगवटा प्रमाणपत्र हातात पडलं की स्टिल्टला शटर लागतं. आत सिमेंटच्या गोण्या, फ्रीजचे खोके, कुठे चक्क क्लिनिक. गाड्या पुन्हा रस्त्यावर. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्टिल्टची जागा बिल्डरला वेगळी विकता येणार नाही असा निकाल दिला आहे, तरी "पार्किंगचे वेगळे" हा शब्दप्रयोग मला अजून ऐकू येतो.

जगात बऱ्याच शहरांनी ही सक्ती काढली. लंडनने २००४ मध्ये किमान आकडा काढून कमाल आकडा घातला. मेक्सिको सिटीने २०१७ मध्ये तेच केलं. अमेरिकेतल्या बफेलोने त्याच वर्षी पूर्ण शहरात किमान पार्किंगची अट रद्द केली. न्यूझीलंडने तर २०२० मध्ये राष्ट्रीय धोरणातूनच शहरांना ती अट काढायला लावली. यात एक गोष्ट लक्षात घ्या. अट काढली म्हणजे पार्किंग बांधायला बंदी नाही. बफेलोत दुकान आणि घर एकत्र असलेल्या नव्या इमारतींनी जुन्या अटीच्या जवळपास निम्मंच पार्किंग बांधलं, तर एकाच वापराच्या अनेक प्रकल्पांनी पूर्वीइतकंच किंवा जास्तही. ज्याला हवं तो बांधतो, ज्याला नको त्याचं दुकान वाचतं.

उलटं टोक जपानचं. तिथे १९६२ च्या कायद्याने गाडी घेताना ती ठेवायला जागा आहे याचा दाखला लागतो, जागा घरापासून दोन किलोमीटरच्या आत. २०२५ मध्ये आपल्या परिवहन मंत्र्यांनीही असंच काहीसं करायचं बोलून दाखवलं. कल्पना मला आवडते. पण जपानमध्ये रात्री रस्त्यावर गाडी ठेवताच येत नाही, म्हणून तो दाखला खरा ठरतो. आपल्याकडे रस्ता फुकट आणि मोकळा ठेवून नुसता दाखला मागितला, तर गावातल्या काकांच्या अंगणाचा दाखला जोडून मुंबईत गाडी येईल.

म्हणूनच क्रम. रस्त्यावरची शिस्त नसताना इमारतीची अट काढलीत, तर सगळा भार रस्त्यावर येईल आणि लोक तुम्हालाच शिव्या देतील. रस्ता आधी सांभाळलात, वहीत रिकाम्या जागा दिसू लागल्या, की मग नगरपरिषदेकडे हा विषय न्या. मागणी छोटी आणि नेमकी ठेवा: आराखड्यात दाखवलेल्या जुन्या बाजारपेठेच्या हद्दीत, अमुक रुंदीपेक्षा कमी दर्शनी भाग असलेल्या भूखंडांना, तळमजल्यावर रस्त्याला लागून दुकान ठेवलं तर चारचाकीचं पार्किंग बंधनकारक नसावं. त्याऐवजी मालकाने पडवी राखावी. नगररचना अधिनियमाच्या कलम ३७ खाली फेरबदलाचा प्रस्ताव सर्वसाधारण सभेच्या ठरावाने शासनाकडे जातो, मधे हरकती-सूचना मागवल्या जातात. वेळ लागतो.

प्रस्तावाला जोडायला तीन कागद तयार ठेवा. मोजणीचा तक्ता, पहिल्या वर्षीचा आणि नंतरचा. पेठेतल्या प्रत्येक भूखंडाची दर्शनी रुंदी लिहिलेला नकाशा, भूमी अभिलेखकडच्या नगर भूमापनाच्या नकाशावरून काढता येतो, कोणताही आमच्यासारखा नकाशेवाला चार दिवसांत करून देईल. आणि एकाच घराचे दोन आराखडे शेजारी शेजारी: आजच्या कोष्टकाप्रमाणे आणि तुमच्या मागणीप्रमाणे. सभेत कलमं कोणी वाचत नाही, पण दोन मीटरचं दुकान सगळ्यांना कळतं. घराचा मालक तयार असेल तर त्यालाच उभं राहून बोलू द्या. नसेल तर पाच मीटरचं काल्पनिक घर घ्या, वर नाव लिहू नका. प्रस्ताव आवक-जावकला द्या, पोच घ्या, आणि पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेत तो आला का ते सभेच्या आधी जाऊन बघा.